कमरेचा कोयता

व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा त्यांची अपेक्षा किमान वेतनाची किंवा गिरणीसंपाची असावी. आम्ही कोयता हा विषय कळविला. चालकांपैकी एकाने हळूच विचारले, "अहो, पोलिसांची परवानगी काढावी लागेल काय?" त्यांनी हे थट्टेने विचारले, पण आजचे सारे व्याख्यान त्या थट्टेतच आहे. आमच्या मोहोपाड्याच्या बाजूला ज्या वस्तूशिवाय माणूस घराबाहेर पडत नसे, तिचे नाव काढताच सुशिक्षित गृहस्थाला पोलीस का आठवावा? हा प्रश्न इतिहासाचा आहे, आणि तो आम्ही इतिहासाच्या वाटेनेच सोडविणार आहोत.

कर्जत-खालापूरकडचा ठाकूर, कातकरी, आगरी किंवा कुणबी घरातून निघताना खिसा चाचपीत नसे. तो हात कमरेमागे नेई. तेथे दोरीने बांधलेली लाकडी आकडी असे व आकडीत कोयता अडकविलेला असे. हात दोन्ही मोकळे, पाते अंगापासून दूर, आणि हवा तेव्हा एका हिसक्यात कोयता मुठीत. शहरात लोक चाकू खिशात घालतात. आमच्याकडच्या बहुतेकांच्या लंगोटीला खिसा नव्हता, म्हणून आकडी आली. पण गरिबीतून निघालेली ही सोय इतकी पक्की होती, की पुढे पँटी आल्या, पट्टे आले, तरी रानात जाणारा माणूस आकडी बांधायची ती बांधतच राहिला. आजही डोंगराकडच्या वाड्यांत ती दिसते.

आता हा कोयता निवडायचा कसा, ह्याविषयी थोडे विस्ताराने बोलू. लग्नाची मुलगी पाहावयास लोक दोनचार जण जात, पण कोयता पाहावयास माणूस एकटा जाई व निम्मा दिवस घालवी. तो प्रथम धार पाहत नसे. धार कोणीही लावू शकतो. तो पाठ पाही. पाठ जाड हवी, कारण घाव पात्याच्या वजनाने बसतो, मनगटाच्या जोराने नव्हे. मग तो पात्यावर टिचकी मारी. आवाज खणखणीत आला तर पोलाद एकजीव. बद्द आला तर आत चीर असण्याचा संशय. मग मूठ. मूठ सर्व बोटे भरून उरली पाहिजे, पण अंगठा तर्जनीवर येऊन बसला पाहिजे. मुठीत शिरलेले पात्याचे शेपूट कोठवर गेले आहे हे तो विचारून घेई, कारण आखूड शेपटाचा कोयता पहिल्याच पावसाळ्यात मुठीतून सैल होतो. शेवटी तो कोयता हवेत दोनदा फिरवून पाही आणि काही न बोलता खाली ठेवी. काही न बोलणे हा भाव करण्याचा भाग असे.

कामाप्रमाणे आकार बदलतो. फांदी ओढून तोडावयाची तर टोकाला चोच हवी. करवंदीच्या जाळीत वाट काढावयाची तर पाते लांब आणि सरळ बरे. भात कापावयास कोयता चालत नाही, तेथे विळा हवा, आणि तोही दातेरी. डावखुऱ्याची गोष्ट निराळीच. विळ्याचे दाते एका बाजूने पाडलेले असतात, आणि बाजारातला विळा उजव्या हातासाठी असतो. डावखुऱ्या बाईला लोहारापुढे बसून आपला विळा मुद्दाम करवून घ्यावा लागतो. ती लोहाराचे जितके डोके खाते तितके दुसरे कोणी खात नाही, आणि तिचा विळा जितका टिकतो तितका दुसऱ्या कोणाचा टिकत नाही. जाता जाता हेही सांगून टाकतो, की स्वयंपाकघरातली विळी ही आमच्या मते महाराष्ट्रातली सर्वांत शहाणी सुरी होय. सुरी हातात धरून भाजी चिरणाराचा एक हात सुरीतच गुंतलेला असतो. विळी पायाने दाबून धरली की दोन्ही हात भाजीला मोकळे. ज्या बाईने हे प्रथम शोधले तिचे नाव कोठेही नोंदलेले नाही.

हे पाते घडविणारे लोहार गावोगाव होते. ते नव्हते तेथे घिसाडी येत. रस्त्याच्या कडेला पाल पडे, जमिनीत छोटी भट्टी पेटे आणि नवरा सांडशीत लाल लोखंड धरून बसे. घण उचलून घाव घालणारी त्याची बायको असे. कारखान्यांत स्त्रिया जड काम करू शकत नाहीत, असे आम्हांला कित्येक व्यवस्थापकांनी समजावून सांगितले. त्यांनी घिसाड्याचे पाल पाहिले नसावे. अलीकडे पुष्कळ कोयते मोटारीच्या मोडक्या पाट्यांचे बनतात. मालमोटारीच्या चाकावरचा तो पाटा चांगल्या पोलादाचा असतो. वाकून पुन्हा सरळ होणे हा त्याचा धर्म. लोहार तो तापवितो, ठोकून पाते काढतो आणि लाल असतानाच पाण्यात बुडवितो. ह्याला पाणी देणे म्हणतात. नुसते पाणी दिलेले पाते काचेसारखे कडक होते आणि काचेसारखेच फुटते; म्हणून ते पुन्हा बेताने तापवून त्याचा ताठा थोडा उतरवावा लागतो. हा बेत कोणत्या रंगाला साधतो हे लोहार डोळ्याने ठरवितो, आणि म्हणूनच भट्टी सावलीत असते. उन्हात रंग कळत नाही. एखाद्याचे पाणी जोखणे, माणूस पाणीदार असणे हे आपले बोलणे ह्याच भट्टीजवळ जन्मले असावे असे आम्हांला वाटते.

मराठीने एक मोठी गोष्ट केली आहे. सुतार आपल्या रंध्या-पटाशीला हत्यारे म्हणतो आणि शिपाईही आपल्या तलवारीला हत्यार म्हणतो. शब्द एकच. संप हे कामगाराचे हत्यार आहे असे आम्ही सभेत म्हणतो, तेव्हा त्यात सुताराचे किती आणि शिपायाचे किती, हे ऐकणाऱ्याने ठरवावयाचे असते. बोलणाऱ्या लोकांना ह्या दोहोंत भिंत घालण्याची गरज पडली नाही. भिंत घातली ती कायद्याने, आणि तिचे वर्ष सांगता येते: १८७८.

त्या एका वर्षात इंग्रज सरकारने तीन कायदे केले. सातवा जंगलाचा, नववा देशी भाषांतील वर्तमानपत्रांचा आणि अकरावा हत्यारांचा. इतिहासाच्या पुस्तकांत हे तीन कायदे निरनिराळ्या पानांवर असतात, म्हणून त्यांची गाठ विद्यार्थ्याच्या ध्यानात येत नाही. त्या काळी कचेरीतल्या कारकुनाजवळ बोरूला टोक करण्याचा लहानसा चाकू असे. फारसीत त्याला कलमतराश म्हणत. इंग्रजीतल्या खिशातल्या चाकूच्या नावातही पीस कापून लेखणी करण्याचीच आठवण आहे. म्हणजे राज्य दोन पात्यांवर चाले. कारकुनाचे पाते बोरू तासी आणि रयतेचे पाते सारा भरण्यापुरते पीक उभे करी. १८७८ साली सरकारने लिहिणाऱ्याच्या लेखणीवर कायदा घातला, रयतेच्या रानावर घातला आणि हातातल्या शस्त्रावरही घातला. लेखणीवरचा कायदा रिपनच्या कारकिर्दीत गेला, कारण लेखणीवाल्यांना ओरडता येत होते. हत्यारांच्या व्याख्येत तलवारी-भाल्यांबरोबर आदिवासींचे धनुष्यबाण शब्दशः घातले होते. ते तसेच राहिले. जंगलाचा कायदा तर १९२७ साली नवा होऊन अधिक घट्ट झाला.

कोयत्याला खरी झळ लागली ती ह्या जंगल कायद्याची. कातकरी हे नावच कातावरून पडले आहे. खैराचे झाड तोडावयाचे, आतल्या लाल गाभ्याच्या ढलप्या काढावयाच्या, त्या मडक्यांत उकळून पाणी आटवावयाचे आणि घट्ट झालेल्या काताच्या वड्या विकावयाच्या, हा त्यांचा धंदा. मुंबई-पुण्याच्या विड्याला रंग चढे तो ह्या कोयत्याच्या घावाने. रान राखीव झाले, खैर सरकारी झाला आणि धंदा गुन्हा ठरला. कुणब्या-आगऱ्याचे दुखणे राबाचे. भाताचे रोप टाकण्यापूर्वी ऐनाच्या वगैरे फांद्या छाटून वाफ्यावर पसरून जाळावयाच्या, त्या राखेत रोप जोमाने येते, ही ठाणे-कुलाब्याकडची जुनी रीत. फांद्या छाटण्यावर बंधने आली तेव्हा इतका आरडाओरडा झाला की सरकारला १८८५ साली ठाणे-कुलाब्याच्या जंगलांसाठी चौकशी आयोग नेमावा लागला. कर्जत तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये लिहिला. त्यातही जंगल खात्याने गरिबांच्या शेळ्यामेंढ्यांची वाट कशी अडविली ह्याचा राग आहे.

१९२७ च्या कायद्याचे ५२ वे कलम मुळातून वाचण्यासारखे आहे. जंगलाच्या गुन्ह्यात सापडलेला माल तर जप्त करावाच, पण त्याबरोबर गुन्ह्यात वापरलेली हत्यारे, होड्या, गाड्या आणि गुरेही जप्त करता येतील, असे ते सांगते. आता विचार करा. लाकडाच्या ठेकेदाराजवळ गाडी आहे, बैल आहेत. एक जोडी गेली तर तो दुसरी आणील. कातकऱ्याजवळ गाडी नाही, गुरे नाहीत, होडी नाही. ह्या यादीतली एकच वस्तू त्याच्या घरात असते. राखणदाराने कोयता काढून घेतला, म्हणजे त्याचे सरपण गेले, भाजी गेली, कुडाच्या भिंतीची डागडुजी गेली आणि दुसऱ्या दिवशीची मजुरीही गेली, कारण मालक विचारतो, "कोयता कोठे आहे?" कायद्यात हा दंड कोठेही लिहिलेला नाही, तरी तो सर्वांत मोठा होता.

म्हणून १९३० साली गांधीजींनी मीठ उचलले तेव्हा आमच्या बाजूच्या लोकांना सत्याग्रह कशाचा करावयाचा हे शिकवावे लागले नाही. १० जुलै १९३० रोजी बापूजी अण्यांनी पुसद येथे राखीव रानातले गवत कापून कायदा मोडला. विदर्भात विळा, आमच्या कुलाब्यात कोयता. २५ सप्टेंबर १९३० रोजी आजच्या उरण तालुक्यातल्या चिरनेरच्या रानात आसपासच्या गावांचे लोक जमले. पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही पडले. त्यांत आगरी होते, कोळी होते आणि नाग्या कातकरी होता. बंदोबस्तावर आलेले मामलेदार जोशी हेही पोलिसांच्याच गोळीने मेले. पुढे खटला सत्याग्रहींवर झाला, आणि आरोपींच्या बाजूने उभे राहिलेल्या वकिलांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. दर वर्षी त्या तारखेला चिरनेरला मानवंदना असते; आम्ही आमच्या सभासदांना तेथे नेतो. २०२४ साली लंडनहून वाघनखे साताऱ्यास आली तेव्हा ती पाहण्यास लोकांनी गर्दी केली, ते योग्यच झाले. कोयता पाहण्यासाठी कोणी कधी गर्दी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आणखी एक पाते सांगण्याजोगे आहे. माथेरानच्या नाभिक घरात १९१२ साली विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मला. घरचे हत्यार वस्तरा. मुलगा शिकून वकील झाला, कर्जतकडच्या शेतकऱ्यांना सावकाराच्या दाढेतून सोडविण्यासाठी त्याने धान्यकोठ्या काढल्या, आणि १९४२ साली आझाद दस्ता उभारून विजेचे मनोरे पाडण्यास सुरुवात केली. खोपोलीला १९१५ पासून वीज होत होती. आमच्या घाटातल्या पाण्याची ती वीज मुंबईच्या गिरण्यांकडे जाई आणि आमच्या वाड्यांत मात्र चिमणी जळे. भाईंच्या दस्त्याने त्या मनोऱ्यांच्या पायांना लोखंड कापण्याच्या करवती लावल्या. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील गोळ्यांना बळी पडले. लोखंड कापणारी करवत आणि साम्राज्याचा मनोरा, ही जोडी तलवारीच्या कोणत्याही कथेपेक्षा आम्हांला मोठी वाटते. पण आम्ही कामगारांत काम करतो, तेव्हा आमचा पक्षपात उघडच आहे.

चाकूच्या इतिहासात विलायतेतल्या शेफील्डचे नाव टाळता येत नाही. तेथले चाकू हिंदुस्थानातही विकले जात, आणि बाबूलोक ते खिशात मिरवीत. ते पाते चकचकीत कसे होई? सहाणेच्या दगडावर वाकून, दगडाची व पोलादाची धूळ नाकातोंडात घेऊन, तेथले धारकरी ते घाशीत. १८४५ च्या आपल्या ग्रंथात एंगल्सने शेफील्डच्या एका डॉक्टरचा दाखला दिला आहे: कोरड्या दगडावर काम करणारा सरासरी पस्तिशी क्वचितच ओलांडी, आणि ओल्या दगडावरचा पंचेचाळिशी. धूळ बाहेर ओढून घेणारी यंत्रे निघाली, तेव्हा काही धारकऱ्यांनीच ती नको म्हटली. धोका गेला तर माणसे वाढतील आणि मजुरी उतरेल अशी त्यांना भीती! ही गोष्ट आम्ही रासायनिक कारखान्यातल्या तरुण पोरांना सांगतो, कारण नाकावरची जाळी काढून जादा भत्ता मागणारे आमच्यातही आहेत. त्याच शेफील्डमध्ये करवतींना धार लावणाऱ्यांच्या संघटनेने फुटीर कामगाराच्या सहाणेचे पट्टे पळविण्यापासून दारू उडविण्यापर्यंत मजल गाठली. १८६६ च्या स्फोटानंतर चौकशी आयोग बसला; संघटना चिरडल्या जातील असे सर्वांना वाटत असता उलट १८७१ साली विलायतेत कामगार संघटनांना कायद्याने मान्यता मिळाली. आपल्याकडे ती १९२६ मध्ये आली. चाकूवाल्यांचे आम्ही इतके देणे लागतो.

स्वातंत्र्यानंतर १९५९ साली हत्यारांचा नवा कायदा झाला. केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगासाठी घडविलेल्या वस्तू, जशी लाठी, ह्या शस्त्र नव्हेत, असे त्यात स्पष्ट लिहिले. १९६२ च्या नियमांनी नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची माणसे मारणारी हत्यारे परवान्याखाली आणली, पण घर, शेती, विज्ञान आणि उद्योग ह्यांसाठी घडविलेली वगळली. चांगला कोयता नऊ इंचांहून लांबही असतो आणि दोन इंचांहून रुंदही. तो वाचतो तो मापाने नव्हे, तर उद्देशाने. आणि उद्देश ठरवावयाचा कोणी? रस्त्यावर उभ्या असलेल्या शिपायाने. त्यातून महाराष्ट्र पोलीस कायद्याचे ३७ वे कलम आहेच. मोर्चाच्या आदल्या दिवशी ते पुकारले की काठ्या, सुऱ्या सारे बंद. आंदोलन करणाऱ्या प्रत्येकाला हे कलम पाठ असते.

पाताळगंगेच्या काठी कारखाने आले, तेव्हा शेतकरी एका पाळीत कामगार आणि उरलेल्या वेळात शेतकरी झाला. १९९० नंतरच्या दशकातली एका कारखान्याच्या दारावरची घटना आहे. भातकापणीचे दिवस. जमीन गेलेल्यांपैकी एक कामगार सकाळभर उरल्यासुरल्या शेतावर राबून दुपारच्या पाळीला थेट आला. रखवालदाराने कमरेचा कोयता पाहिला आणि कारखान्यात प्राणघातक शस्त्र आणल्याचा आरोप त्याच्यावर ठेवला गेला. नोकरी जाण्याची वेळ. चौकशीत आम्ही त्याच्या बाजूने बसलो. आम्ही भाषण केले नाही. कारखान्याच्या भांडाराची खरेदीवही मागितली. कुंपणाच्या आतले गवत आणि झुडपे काढण्यासाठी कारखाना दर पावसाळ्यानंतर कोयते विकत घेत असे, आणि वहीत त्यांची नोंद 'बागकामाची अवजारे' ह्या मथळ्याखाली होती. चौकशी अधिकाऱ्याने ती ओळ दोनदा वाचली. माणसाची नोकरी राहिली. चार दिवसांचा पगार मात्र कापला गेला, तो परत मिळाला नाही. पुढे दारावर एक फळी ठोकली गेली, तिच्यावर खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला क्रमांकाचा बिल्ला. कापणीच्या दिवसांत पाळी सुरू झाली की त्या फळीवर वीस-पंचवीस कोयते टांगलेले दिसत. खंडेनवमीला आम्ही संघटनेच्या कचेरीत पाने, हातोडा, दौत-लेखणी मांडून पूजा करीत असू. त्या वर्षापासून पाटावर कोयताही येऊ लागला.

२०२२-२३ च्या सुमारास पुण्याच्या वर्तमानपत्रांत 'कोयता गँग' हे शब्द जोडीने छापून येऊ लागले. गुन्हे खरे होते, आणि घायाळ झालेल्यांचे दुःखही खरे. परंतु शहरातल्या मुलाला कोयता म्हणजे काय हे प्रथम कळले ते असे. चालकांनी परवानगीचे विचारले ते ह्याचमुळे.

उसाच्या मुलखात ह्या शब्दाची आणखी एक गत झाली आहे. तेथे मुकादम मजुरांना उचल देतो ती माणशी नव्हे, कोयत्याप्रमाणे. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. बाई विधवा असली, किंवा गडी एकटाच आला, तर वहीत लिहितात: अर्धा कोयता. आमच्या बाजूचे कातकरी ऊस तोडीत नाहीत. ते दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, तेही अंगावर पैसे घेऊनच. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ चा आहे आणि वनहक्काचा २००६ चा. भट्टीवर निघण्याआधी बिऱ्हाड आवरताना घरातली मडकी पालथी घालून ठेवतात, कोंबड्या शेजाऱ्याकडे देतात, दाराला काटेरी फांदी लावतात. ती फांदी तोडलेला कोयता मात्र बरोबर घेतात. मालमोटारीत चढताना मुकादम त्यांची संख्या मोजतो. आमचे कार्यकर्ते त्याच वेळी आपल्या वहीत नावे लिहून घेतात, बाईचे निराळे आणि पुरुषाचे निराळे.